छोटी बँड सॉ मिल घ्यायची तर आधी ओंडका मोजा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि रायगड, उत्तर रत्नागिरीतल्या वाड्यांमध्ये माड, पोफळी, आंबे, फणस आडवे झाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. पडलेल्या झाडांचं पुढे काय झालं ते कोकणात कुणालाही विचारा. वाट मोकळी करायची घाई होती, मजूर मिळत नव्हते, बुंधा उचलून वखारीपर्यंत न्यायचा म्हणजे गाडीभाडंच अंगावर येत होतं. दारा-खिडक्यांच्या लायकीचं कितीतरी लाकूड दोन-दोन फुटी तुकडे होऊन चुलीत गेलं. तेव्हापासून एक प्रश्न वरचेवर कानावर येतो: बागेतच नेऊन लाकूड चिरता येईल असं छोटं मशीन नसतं का?

असतं. पोर्टेबल बँड सॉ मिल म्हणतात त्याला, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरवून लाकूड चिरणारी, हलवता येणारी करवत. अमेरिका, कॅनडा, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत शेतमालकाच्या गोठ्यामागे ते ट्रॅक्टरच्या शेजारी उभं असलेलं दिसतं. इंडियानापोलिसची वुड-मायझर कंपनी १९८२ पासून अशा मिल बनवते आहे. कॅनडातल्या नॉरवुड आणि वुडलँड मिल्स, स्वीडनची लोगोसोल ही या धंद्यातली आणखी काही जुनी-नवी नावं. इंटरनेटवर व्हिडिओंना तोटा नाही. पाइनचा सरळसोट ओंडका, एकटा माणूस, आणि बघता बघता फळ्यांची चळत. हे व्हिडिओ खोटे नसतात. फक्त तो ओंडका मशीनवर आला कसा, हे त्यात सहसा दाखवत नाहीत. मिल निवडताना निम्मी गोष्ट तिथेच दडलेली आहे.

मशीन नेमकं करतं काय

आपल्याकडच्या वखारीतला बँड सॉ उभा असतो. वर-खाली दोन मोठी चाकं, त्यांवरून फिरणारं रुंद पातं, आणि ट्रॉलीवर घातलेला ओंडका माणसं पात्यावर ढकलत नेतात. पोर्टेबल मिलमध्ये सगळं उलट. ओंडका लोखंडी बेडवर आडवा पडलेला असतो, तो हलत नाही. पातंही आडवं. चाकं, पातं आणि इंजिन मिळून एक चौकट होते, तिला हेड म्हणतात. हे हेड रुळांवरून ओंडक्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं आणि वरची एक फळी सोडवतं. मग हेड मागे आणायचं, हव्या त्या जाडीइतकं खाली घ्यायचं, पुन्हा पुढे न्यायचं.

मॅन्युअल मिलमध्येसुद्धा पातं फिरवायला इंजिन किंवा मोटर असतेच. हाताने करायची कामं तीन: हेड ढकलणं, हँडल फिरवून ते वर-खाली करणं, आणि ओंडका बेडवर चढवून फिरवणं. मोठ्या मिलमध्ये ही तिन्ही कामं हायड्रॉलिक जॅक आणि मोटरी करतात; किमतीतला मोठा फरक त्याचाच असतो. पहिल्या दोन कामांत फारसं काही नाही. हेड चांगल्या बेअरिंगवर असेल तर घरातली कुणीही सशक्त व्यक्ती ते ढकलू शकते. उलट हाताने ढकलण्यात एक फायदाच आहे. पातं बोथट व्हायला लागलं, की गाठ आली, की आधी तळहाताला कळतं. तिसरं काम मात्र कंबर मोडणारं आहे, त्याकडे आपण येऊच.

पण आधी कायदा

महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहत असाल तर पुढचं सगळं वाचण्याआधी हे वाचा. मशीन विकत मिळतं म्हणजे ते चालवता येतं असं नाही.

सर्वोच्च न्यायालयात जंगल वाचवण्यासाठीचा गोदावर्मन खटला चालू झाला आणि डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून देशभरातल्या सॉ मिलवर निर्बंध आले. २००२ साली नवीन मिल उघडण्यावर आणखी कडक अटी बसल्या. पुढे २०१६ मध्ये केंद्राने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि परवान्याचा विचार राज्य पातळीवरच्या समितीकडे आला. यंत्रशक्तीने किंवा विजेवर लाकूड चिरण्याची जागा म्हणजे सॉ मिल, असा या सूचनांचा रोख आहे आणि बँड सॉचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. मशीनला चाकं आहेत, ते मॅन्युअल आहे, घरचंच लाकूड कापायचं आहे, या सबबी विक्रेत्याच्या तोंडी गोड वाटतात. वन खात्यापुढे त्या टिकतील असं धरून चालू नका. तुमच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि लेखी उत्तर हातात पडेपर्यंत कुणाला आगाऊ रक्कम देऊ नका.

झाडाचा कायदा आणखी वेगळा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड हलवताना वाहतूक पासाचा प्रश्न येतो. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. वादळात पडलेल्या झाडाचाही पंचनामा, फोटो आणि ग्रामपंचायतीचा कागद हाताशी असलेला बरा.

मग हा लेख कुणासाठी? ज्यांचा परवाना आधीपासून आहे आणि जुन्या बँड सॉच्या जोडीला कमी लाकूड खाणारं मशीन हवं आहे त्यांच्यासाठी. परवाना मिळण्याजोगी परिस्थिती असलेल्या गटांसाठी आणि शेतकरी कंपन्यांसाठी. कॅनडातल्या ओंटारियोत किंवा न्यूझीलंडमध्ये चार एकर जागा घेऊन बसलेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांसाठी. आणि जे शेवटी परवानाधारक वखारीतच लाकूड चिरून घेणार आहेत त्यांनाही, कारण समोरचा माणूस आपलं लाकूड कसं कापतोय हे कळलं की भाव करताना आणि मापं सांगताना उपयोग होतो.

पातळ पात्याचं गणित

इतकी उस्तवार करायची कशाला, तर पातं पातळ असतं म्हणून. छोट्या मिलचं पातं साधारण सव्वा इंच म्हणजे ३२ मिमी रुंद आणि १ मिमीच्या आसपास जाड. दात डावी-उजवीकडे थोडे फाकवलेले असतात, त्यामुळे चीर पडते २ मिमीच्या जवळपास. चेनसॉला पट्टी लावून फळ्या काढणारे असतात, त्यांची चीर ८ ते १० मिमी.

समजा ओंडक्याच्या चारी बाजू काढून १२ इंच उंचीचा चौकोन तयार केला आणि त्यातून एक इंची फळ्या काढायच्या आहेत. २ मिमी चिरेने ११ फळ्या निघतात. ९ मिमी चिरेने ९ निघतात. दोन फळ्यांचा भुसा झाला. सागासारख्या लाकडात हा फरक लगेच पैशात दिसतो. बाभळीच्या कुंपणाच्या खांबात कुणी त्याची फिकीर करू नये.

यातच नवख्या माणसाची नेहमीची चूक लपलेली आहे. एक इंची फळी हवी म्हणून हेड बरोबर एक इंच खाली घेतलं की फळी २ मिमी पातळ येते, कारण चीर त्याच इंचातून जाते. चांगल्या मिलच्या मोजपट्टीवर ही चीर धरून खुणा केलेल्या असतात किंवा चीर मिळवून हेड बसवणारा दातेरी थांबा असतो. साधी इंचपट्टी चिकटवलेली असेल तर प्रत्येक वेळी मनात बेरीज करावी लागते, आणि दुपारी चारनंतर ती हमखास चुकते.

ओंडक्याचं वजन

आता ते तिसरं काम. वखारीतलं माप घेऊया, कारण ते आपल्याला ओळखीचं आहे: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. २४ इंच व्यासाचा, ८ फूट लांब ओंडका घ्या. घेर साधारण ७५ इंच, चौथा भाग पावणेएकोणीस इंच. हिशेब होतो साडेएकोणीस घनफूट. पण या पद्धतीत खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच मोजलं जातं. खरं घनफळ २५ घनफूट. लाकूड विकताना पहिला आकडा चालतो, उचलताना दुसरा. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला ९०० ते १००० किलो धरलं तर हा एक ओंडका साडेसहाशे ते सातशे किलोच्या घरात जातो.

व्यास निम्मा केला की वजन चौथाई होतं. १८ इंच व्यासाचा तेवढाच ओंडका पावणेचारशे किलोच्या घरात, १२ इंचाचा १७० किलोच्या. १२ इंची ओंडका दोन माणसं पहारीने लोटत नेतील. १८ इंचीला उतरते खांब, विंच (दोर गुंडाळून ओझं ओढणारा रहाट) आणि डोकं लागेल. २४ इंचीला चेन ब्लॉक किंवा ट्रॅक्टरचा लोडर नसेल तर नाद सोडावा.

म्हणून माझा सल्ला असा की कॅटलॉग उघडण्याआधी बागेत जाऊन झाडांचे घेर मोजा. सगळ्यात मोठ्या झाडाचा घेर लक्षात राहतो, पण मिल ठरवायची ती बहुतेक झाडांवरून. दहातले आठ ओंडके १६ इंचांच्या आत असतील तर उरलेल्या दोनांसाठी मोठं मशीन घेऊ नये. ते दोन वखारीत पाठवावेत, किंवा चेनसॉने मधोमध उभे चिरून अर्धे अर्धे बेडवर घ्यावेत.

आणि मशीनच्या किमतीइतकंच लक्ष चढवायच्या सरंजामाकडे द्या. बेडच्या कडेला टेकवायचे दोन उतरते खांब, बेडलाच बसवलेली हाताची विंच, ओंडका जागेवर फिरवायचा लांब दांड्याचा आकडा, मागे घरंगळू नये म्हणून पाचरी. विक्रेते यांना जोडसामान म्हणतात आणि यादीत शेवटी लिहितात. मी असतो तर इंजिनाची दोन अश्वशक्ती कमी घेऊन आधी विंच घेतली असती. बेड जमिनीपासून किती उंच आहे तेही बघा. प्रत्येक जादा इंच म्हणजे तेवढं वजन तेवढं वर न्यायचं.

छोट्या मिलवर सगळ्यांना पात्याची भीती वाटते. माणूस खरा चिरडतो तो ओंडक्याखाली. घरंगळत्या ओंडक्याच्या उताराकडच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, ही एकच शिस्त पाळली तरी खूप झालं.

कॅटलॉगमधले आकडे

मिलच्या नावातच बहुधा एक आकडा असतो, उदाहरणार्थ २६. त्याचा अर्थ २६ इंच व्यासाचा ओंडका कसाबसा चौकटीतून जातो. त्यातून २६ इंच रुंदीची फळी निघत नाही. पात्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारी मार्गदर्शक चाकं असतात, खऱ्या फळीची रुंदी त्यांच्यामधल्या अंतरावर ठरते. २६ च्या मशीनला ती २२ इंचांच्या आसपास असते. तिसरा आकडा कुणी विचारत नाही तो असा की पात्याच्या वर किती जागा आहे, म्हणजे एका वेळी किती जाड तुकडा सुटून जाऊ शकतो. तुळया, खांब काढायचे असतील तर हा आकडा महत्त्वाचा.

आपली झाडं शिवाय गोल नसतात. फणसाचा बुंधा खाली फुगलेला, आंब्याला ढोल्या आणि फाटे. मापात बसणारा ओंडका फाट्यापाशी अडतो, मग चेनसॉने कड छाटत बसावं लागतं. कॅटलॉगमधल्या व्यासातून पाच-सहा इंच वजा करा आणि उरेल ते आपलं खरं माप समजा.

लांबीचंही तसंच. रुळांची लांबी आणि ओंडक्याची लांबी एक नव्हे, हेडला स्वतःला उभं राहायला जागा लागते. सुदैवाने बहुतेक मिलचे रूळ तुकड्यांत येतात आणि नंतर आणखी एक तुकडा जोडता येतो. लांबीसाठी आज जास्त पैसे घालू नका. वासे लागले तर पुढच्या वर्षी वाढवा.

ताठपणा कुठे बघायचा

इंजिन किती अश्वशक्तीचं, हा पहिला प्रश्न असतो. छोट्या मिलवर ७ ते १४ अश्वशक्तीची पेट्रोल इंजिनं येतात. ताकदीने फळी सरळ येत नाही, फक्त लवकर येते. १६ इंचांच्या आतल्या लाकडाला ९-१० अश्वशक्ती पुष्कळ झाली. ऐन किंवा जुना साग रुंद कापायचा असेल तर वरचं इंजिन घ्या. एका जागी मांडणार असाल आणि थ्री-फेज वीज असेल तर मोटर उत्तम. धूर नाही, कानठळ्या नाहीत, सुरू करायला दोरी ओढावी लागत नाही.

फळी सरळ येते ती चौकटीच्या ताठपणावर. हेडचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात हेड चार खांबांमध्ये टांगलेलं असतं, दुसऱ्यात ते एका बाजूच्या मजबूत खांबाला धरून आडवं पुढे आलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात समोरची बाजू मोकळी राहते, ओंडका चढवायला सोपं. पण स्वस्तातल्या मिलमध्ये ते पुढे आलेलं टोक किंचित झुकतं आणि फळी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ येते. कमी किमतीत चार खांबांचं घ्यावं.

हेड वर-खाली करायला कुठे आट्यांचा दांडा असतो, कुठे तार आणि पुली. आट्यांचा दांडा हळू चालतो पण जिथे सोडाल तिथे राहतो. तार झरझर चालते, पण नवी असताना ताणते आणि माप सरकतं. दोन्हीत थोडी ढील असतेच. ती काढायची सोपी युक्ती म्हणजे माप नेहमी एकाच दिशेने घ्यायचं: जास्त खाली गेलं तर सरळ वर उचलायचं नाही, मापाच्या वर नेऊन पुन्हा खाली आणायचं.

आणि बेड. बेडला पीळ असला की प्रत्येक फळीला तोच पीळ येतो, पातं कितीही भारी असो. रूळ जाड पत्र्याच्या कोनांचे की पातळ वाकवलेल्या पत्र्याचे, आडव्या पट्ट्या किती अंतरावर, पायांना उंची जुळवायचे बोल्ट आहेत का, हे हात लावून बघायचं. कोकणात पावसाळ्यानंतर जमीन बसते. कातळावर किंवा जांभ्याच्या ओळीवर मांडलं तर ठीक, नाहीतर दर काही दिवसांनी दोरी आणि लेव्हल बाटली (स्पिरिट लेव्हल) घेऊन बेड पुन्हा जुळवावा लागतो. पोर्टेबल म्हणून घेतलेल्या मिल बहुधा दोन-तीन वर्षांत एका शेडखाली कायमच्या बसतात, त्यामागे हे एक कारण आहे.

पातं

मिल एकदाच घेता, पाती कायम. मशीन घेणाऱ्याने सगळ्यात जास्त चौकशी इथे करायला हवी आणि प्रत्यक्षात सगळ्यात कमी इथेच होते.

पहिला प्रश्न लांबीचा. पातं म्हणजे दोन टोकं वेल्ड करून केलेला पट्टा. १४४ इंच आणि १५८ इंच या लांब्या जगभर चालतात. मशीन एखाद्या विचित्र लांबीचं पातं घेत असेल तर तुम्ही एकाच विक्रेत्याच्या दारात बांधले गेलात. मिल ठरवण्याआधी कोल्हापूर, पुणे, बेळगाव, जिथे तुमचं जाणं-येणं असेल तिथल्या बँड सॉ पात्याच्या दुकानात विचारा: या रुंदीचं, या जाडीचं पातं हव्या त्या लांबीला कापून वेल्ड करून मिळेल का? धार लावून मिळेल का? दोन्हीला नाही म्हणाले तर त्या मिलचा विचार पुढे ढकला.

दुसरा प्रश्न जाडीचा. जाड पातं रुंद लाकडात कमी भरकटतं. पण ते छोट्या चाकांवरून प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाकतं आणि सरळ होतं, मिनिटाला शेकडो वेळा. पातळ पातं हे वाकणं सहन करतं, जाड पात्याला दातांच्या मुळाशी बारीक तडे जातात आणि एक दिवस ते फाटकन तुटतं. मिलच्या चाकांच्या मापाला निर्मात्याने जी जाडी सांगितली आहे तीच वापरा. काम संपलं की ताण सैल करून ठेवा, त्यानेही पातं जास्त टिकतं.

तिसरा प्रश्न दाताच्या कोनाचा. दात जितका पुढे झुकलेला तितका तो लाकडात हावऱ्यासारखा घुसतो. मऊ लाकडात ते बरं, टणक लाकडात छोटं इंजिन दमतं आणि पातं नागमोडी जातं. सर्वसाधारण कामाला १० अंश ठीक. ऐन, बाभूळ, वाळलेला साग यांना ७ किंवा ४ अंशांची पाती घ्यावीत. दोन दातांमधलं अंतर सर्रास २२ मिमी असतं.

लाकूड कोणतं आहे त्यावर बाकीचं. सागात सिलिका असते, धार लवकर जाते. माडाचं तर विचारूच नका. बाहेरची कड दगडासारखी टणक, आतला भाग मऊ, आणि साध्या पोलादी पात्याची धार बघता बघता उतरते. नारळाचं लाकूड कापायचाच बेत असेल तर दातांना कठीण मिश्रधातूची टोकं लावलेली पाती लागतात, तो खर्च आधी धरा. ओल्या फणसाचा चीक पात्याला चिकटतो, थर जमतो, पातं तापतं आणि वर-खाली भटकायला लागतं. त्यासाठी पात्यावर थेंबथेंब पाणी सोडायची टाकी असते. पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण किंचित घातला की बरंच काम होतं. निलगिरी आणि अकेशियाच्या ओंडक्यात वाढतानाचे ताण कोंडलेले असतात. फळी सुटताच ती धनुष्यासारखी वाकते. एका बाजूने दोन-तीन फळ्या काढून ओंडका उलटा करायचा, मग दुसऱ्या बाजूने, असं आलटूनपालटून कापलं तर ताण थोडा समतोल राहतो. मॅन्युअल मिलवर याचा अर्थ तो ओंडका पुन्हा पुन्हा हाताने फिरवायचा.

पण पात्याचा खरा शत्रू लाकूड नाहीच. माती आहे. तांबड्या मातीतून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत जांभ्याचे खडे रुतलेले असतात आणि पाचव्या मिनिटाला नवं पातं बोथट होतं. ओंडका ओढू नका, निदान पुढचं टोक उचलून आणा. पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, किंवा कोयत्याने जिथून पातं आत शिरणार ती साल काढा. घराजवळच्या झाडांत खिळे, कुंपणाची काटेरी तार, वाळत घालायच्या दोरीचे हुक असतात; झाडाने ते कधीच गिळून टाकलेले असतात, वरून दिसत नाहीत. हातातला स्वस्त मेटल डिटेक्टर एका पात्यात पैसे वसूल करतो. मिलबरोबर किमान अर्धा डझन पाती घ्या, म्हणजे चार धारेला गेली तरी काम थांबत नाही.

पातं बदलताना जाड हातमोजे आणि चष्मा, इंजिन पूर्ण बंद. चालू पात्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये, आणि उपरणं, लुंगी, सैल बाह्या काही नको.

मिल न घेण्याची कारणं

वर्षाला चार-पाच ओंडके असतील तर मिल घेऊ नका. हात बसलेले दोघे मध्यम ओंडक्यांतून दिवसाला ३०-४० घनफूट लाकूड काढू शकतात, म्हणजे चार-पाच ओंडके एक-दोन दिवसांत संपतात आणि मशीन उरलेलं वर्ष गंजत बसतं. अमेरिका-कॅनडात ट्रेलरवर मिल घेऊन घरोघर जाणारे चिरकामवाले असतात; तासावर किंवा फुटावर पैसे घेतात. तिथे राहणाऱ्यांनी आधी असा माणूस बोलवावा, दिवसभर त्याच्या हाताखाली फळ्या उचलाव्यात, मग ठरवावं.

एखादाच अजस्र बुंधा असेल, जो हलवणंच शक्य नाही, तर बँड सॉ हे त्याचं औषध नव्हे. तिथे चेनसॉची मिल चालते, चीर जाड पडली तरी. ऑस्ट्रेलियातली लुकास आणि न्यूझीलंडची पीटरसन यांच्या मिल त्याच कामाच्या आहेत: ओंडका जमिनीवरच राहतो, त्याच्याभोवती रूळ उभे करायचे, आणि गोल पातं आडवं-उभं फिरून थेट रिपा आणि वासे काढतं.

फळ्या ठेवायला जागा नसेल तरी थांबा. आंब्याचं लाकूड कापून ओलंच रचून ठेवलं तर निळं-काळं पडतं, आणि भुंग्याने पोखरलेलं वेगळं. कापल्याच्या दिवशीच इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर घालून, वारा खेळेल अशी चळत रचावी लागते; पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत, टोकांना रंग किंवा मेण, वर छप्पर. आंब्यासारख्या लवकर किडणाऱ्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून काढायची पद्धत आहे. जूनच्या तोंडावर चिरकाम काढू नये. दिवाळीनंतर कापून उन्हाळाभर वाळवलेली फळी सुताराच्या हातात शहाण्यासारखी वागते.

घेण्याआधीची चाचणी

नवी असो वा जुनी, मिल चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि आपला ओंडका घेऊन जा. विक्रेत्याकडचा ओंडका नेहमी मऊ, सरळ आणि बिनगाठीचा असतो. वरची साल उतरवून ओंडका उलटा करा, सपाट बाजू बेडवर टेकवा आणि शेवटपर्यंत फळ्या काढा. बेडवर उरलेली शेवटची फळी घ्या, आठ फुटांची असेल तर दोन्ही टोकं आणि मध्य, दोन्ही कडांना, अशी सहा ठिकाणी जाडी मोजा.

फरक मिलीमीटरभर असेल तर मशीन चांगलं आहे. फळी सगळीकडे एकाच कडेला पातळ असेल तर पातं बेडला समांतर नाही, बहुतेक मशीनवर ते बोल्टने जुळवता येतं, समोर जुळवून दाखवायला सांगा. फक्त मध्येच जाडी बदलत असेल तर बेड झोळ खातोय. पाय वाढवून तो सुधारतो का बघा. पृष्ठभागावर लाटा असतील तर पातं बोथट आहे, ताण कमी आहे किंवा मार्गदर्शक चाकांची बेअरिंगं गेलेली आहेत. जुन्या मशीनवर ती चाकं हाताने फिरवून बघा, खरखर ऐकू आली तर किमतीतून तेवढं कमी करा. मात्र जाडी सगळीकडे सारखी असूनही प्रत्येक फळी पिळलेली निघाली तर बेडलाच पीळ आहे. विक्रेता म्हणेल जमीन सपाट नाही. लेव्हल बाटली लावून त्याच्यासमोर बेड जुळवा आणि पुन्हा एक फळी काढा. तीही तशीच आली तर ओंडका उचलून घरी घेऊन या.